कोयत्याचं पाणी

गुरुवारी दुपारी जाकीरने पट्टी सरळ करून वर आणली तेव्हा ती इतकी सुरेख दिसत होती की लुबनाने त्याला शाबासकी दिली. ही शाबासकी तिला पुढचे चार दिवस सलत राहिली.

लुबनाला वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, आणि तेव्हापासून तिचा उजवा पाय नुसता सोबतीला आहे. चालायचं काम करतं ते कॅलिपर. मांडीपासून टाचेपर्यंत पायाच्या दोन बाजूंना अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारे चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी खिटी आणि खाली बूट. खिटी बसली की पाय ताठ. मग हातात काठी घेऊन लुबना सिरसाळ्याच्या बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुशाल जाऊन येते. चौतीस वर्षांची बाई, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., गावातल्या अकरावी-बारावीच्या निम्म्या पोरांची मॅडम. पण कॅलिपर काढलं की घरातल्या घरात तळहातांवर सरकत जावं लागतं.

बुधवारी रिक्षातून उतरताना तिचा तोल गेला आणि बाहेरच्या बाजूची पट्टी दगडावर आपटून गुडघ्याखाली वाकली. दुसरं कॅलिपर नव्हतं. नवीन करून घ्यायचं तर शिबिराची वाट बघा, मापं द्या, महिना-दीड महिना सहज जातो. आणि लुबनाकडे होते पाच दिवस. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून तिची निवड झाली होती. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की सोमवारी कार्यालयीन वेळेत स्वतः हजर होऊन रुजू न झाल्यास निवड रद्द समजण्यात येईल आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. अशा जागांसाठी अर्ज करण्यात तिची सहा वर्षं गेली होती.

पण घरात मिस्त्री भाऊ असताना काळजी कसली? जाकीर तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, अंगाने मात्र दुप्पट. बाजाराच्या टोकाला खाली त्याचं वर्कशॉप, वर पत्र्याच्या दोन खोल्या, आणि मधे सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. अब्बा गेल्यापासून लुबनाच्या कॅलिपरचा प्रत्येक स्क्रू त्यानेच आवळलेला. ऑक्टोबरचा महिना होता. दसरा झालेला, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघायच्या तयारीत, त्यामुळे वर्कशॉपमध्ये कोयत्यांचा ढीग पडला होता. सकाळपासून जाकीर एकच काम करत होता. कोयता लालभडक करायचा, ठोकायचा आणि बादलीत बुडवायचा. याला पाणी देणं म्हणतात. जाकीरने पाणी दिलेला कोयता हंगाम संपेपर्यंत धार सोडत नाही, असं शिरूर कासारपर्यंतचे लोक सांगतात.

त्याच हातांनी त्याने बहिणीची पट्टी घेतली. आधी तिच्यावर साबण घासला. अॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ते पांढरंच राहतं आणि अचानक वितळून खाली पडतं. म्हणून कारागीर साबण घासतात, आणि साबण काळा पडला की गॅसची ज्योत बाजूला घेतात. जाकीर कोयत्यांच्या तंद्रीत होता. साबण काळा पडला, जळून उडून गेला, तरी याची ज्योत चालूच. पट्टी हाताच्या नुसत्या दाबाने सरळ झाली. मग त्याने ती बादलीत बुडवली आणि तशीच ओली वर घेऊन आला.

"घे आपा. पाणी दिलंय मस्त. आता वरून ट्रॅक्टर गेला तरी वाकत न्हाई."

"शाबास रे माझ्या मिस्त्री," लुबना म्हणाली.

तिने कॅलिपर चढवलं, खिटी लावली, काठी घेतली आणि जिना उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर पट्टी गुडघ्याखाली मुडपली. मोडली नाही, कडकन आवाज नाही, नुसती निमूटपणे दुमडली. लुबना पाच पायऱ्या घसरत गेली, कठडा हाताला लागला म्हणून वाचली. कोपर सोलून निघालं. जाकीर धावत आला, तिला लहान पोरीसारखं उचलून वर घेऊन गेला, पाणी पाजलं, कोपराला हळद लावली. आणि हे सगळं करताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं, हितंच पडलीस. तिकडं पडली असतीस तर?"

बरं झालं! लुबनाने हे शब्द ऐकले आणि गिळले.

त्याच्या भीतीला कारण होतं, ते नाकारून चालणार नाही. गेल्या वर्षी ती परीक्षेसाठी संभाजीनगरला गेली होती. लॉजच्या न्हाणीघरात पाय घसरला, आतून कडी लावलेली, फोन बाहेर पलंगावर. पाच तास ती ओल्या फरशीवर पडून होती. ती फोन उचलेना म्हणून जाकीर सिरसाळ्याहून मोटारसायकलवर गेला आणि त्याने ते दार लाथेने तोडलं. तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं होतं की आपाने आता लांब कुठे जायचं नाही. तोंडाने तो कधी नको म्हणाला नाही. निवडीचं पत्र आलं तेव्हा पेढेसुद्धा वाटले. पण भाड्याच्या खोलीचं विचारायला अंबाजोगाईला जाऊन येतो म्हणाला होता, तो अजून गेला नव्हता.

त्याच दुपारी लुबनाने पान्याने दोन्ही पट्ट्या सुट्या केल्या. तिला एक शंका आली होती. तिने खालून पंच मागवला. पंच म्हणजे भोक पाडायच्या आधी खूण करायची पोलादी टोकदार खुंटी. दोन हात लांबीची एक नळी पट्टीवर उभी धरली आणि पंच वरून आत सोडून दिला. आतल्या बाजूच्या, आग न लागलेल्या पट्टीवर खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका उठला. जाकीरने पाणी दिलेल्या पट्टीवर तोच पंच, तीच नळी, तीच उंची, आणि ठिपका मोहरीएवढा.

"हे बघ," तिने जाकीरला बोलावून दाखवलं. "जेवढा मोठा ठिपका तेवढा धातू मऊ. तू पाणी देऊन पक्की न्हाई केलीस, मऊ केलीस."

"पाण्यानं मऊ?" जाकीर हसला. "आपा, वीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात."

"लोखंडाच्या धंद्यात. अॅल्युमिनियमचं उलटं असतं."

लुबनाने हा धडा दरवर्षी शिकवलेला. फळ्यावर नाही, सतरंजीवर. धातू म्हणजे कणांच्या नीट लावलेल्या रांगा, पण कुठलीच रांग पूर्ण नीट नसते. कुठे एक कण गळालेला असतो, कुठे एक अख्खी रांग अर्ध्यावर संपलेली असते. धातू वाकतो तो ही अर्धवट रांग आतल्या आत सरकते म्हणून. लांबरुंद सतरंजी ओढत नेणं जड, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी आपोआप सरकते, तसंच. मग ती सतरंजीखाली वाटाणे पसरायची आणि पोरांना म्हणायची, आता ढकला. सुरकुती वाटाण्यांशी अडायची. अॅल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळतात ते याच्यासाठी. त्यांचे बारीक दाणे आत जागोजागी बसतात, सुरकुतीला अडवतात आणि धातू पक्का होतो. हे शिकवणं चालू असताना रहेमतबी, म्हणजे लुबनाची अम्मी, एकदा मुद्दाम सतरंजीच्या मध्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, घ्या, आता सरकवा. पोरं हसून लोळली होती.

ते दाणे जाकीरच्या ज्योतीत विरघळून गेले होते. पाण्यात बुडवल्याबरोबर त्यांचे कण जिथल्या तिथे अडकले, एकएकटे, विखुरलेले. एकटा कण कुणाला अडवत नाही. त्यांनी पुन्हा एकत्र येऊन दाणे बांधायला हवे होते, आणि त्याला ऊब लागते, वेळ लागतो.

"इलियासचाचांच्या बेकरीच्या भट्टीत ठेव," लुबना म्हणाली. "पाव काढून झाल्यावर टोस्ट वाळवतात ना, त्या आचेवर. आठ तास. त्याच्याबिगर ही पक्की होत न्हाई."

या शेवटच्या वाक्यात तिने थोडं लपवलं होतं. पण भावाला घाई व्हावी एवढाच तिचा हेतू होता. जाकीरने ठिपक्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ पट्टीकडे बघितलं, मग दोन बोटांनी ती सहज सरळ केली आणि खिशात घातली.

शुक्रवारी तो म्हणाला, आज जुम्मा, चाचांनी भट्टी लवकर विझवली. शनिवारी म्हणाला, ठेवली.

हे दोन दिवस लुबनाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. वर पत्रा तापायचा, खाली हातोडी चालायची. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा फूट, मोरीपासून खिडकीपर्यंत सात. खिडकीतून समोरच्या कृषी केंद्राची पाटी आणि एसटीचा टप दिसायचा. दर तासाला एक परळीची गाडी जायची आणि लुबना ती मोजायची. खाली उतरता येणं अगदीच अशक्य नव्हतं, पायऱ्यांवर बसत बसत ती उतरू शकली असती. पण बसत बसत कॉलेजात कसं शिरणार? तिथे उभं राहून पोरांच्या हातात उपकरणं द्यायची होती. तिला राग येत होता, आणि रागाला जागा नव्हती. भाऊ दर दोन तासांनी चहा घेऊन वर येत होता. चहा आणणाऱ्यावर ओरडायचं कसं?

रहेमतबी जिन्याच्या तोंडाशी पाट मांडून बसली होती.

"अम्मी, मला अडवायला बसलीस व्हय?"

"लसूण सोलायला बसले," रहेमतबी म्हणाली. दोन पाकळ्या सोलल्यावर तिने विचारलं, "कावून जातीस गं? हितं काय कमी हाय तुला?"

"हितं सगळं हाय. म्हणूनच."

रहेमतबीला ते कळलं की नाही कोण जाणे. ती सोलत राहिली, आणि पाट काही हलला नाही.

शनिवारी संध्याकाळी जाकीर जेवायला वर आला तेव्हा लुबनाने विषय काढलाच. सोमवारी सकाळी सातच्या गाडीने निघते, म्हणाली. जाकीरने भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरला.

"आपा, एक विचारू? पोरांना शिकवतीस तू, मी खालून ऐकतो. अडवणारं असलं की धातू पक्का होतो म्हणतीस. मग माणसाचं कावून उलटं सांगतीस? आमी अडवतो ते तुझ्या भल्यासाठीच ना?"

लुबनाला हसू आलं. मिस्त्रीने धडा नीट ऐकला होता तर.

"अर्धाच ऐकलास. ते दाणे बारीक असावे लागतात, जाकीर. भट्टीत गरजेपेक्षा जास्त ठेवले की बारके दाणे संपतात आणि मोठे आणखी मोठे होतात. मग दोन मोठ्यांच्या मधे एवढी जागा पडते की सुरकुती आरामात निघून जाते. धातू पुन्हा मऊ. सांभाळणारा लई मोठा झाला की असं होतं."

जाकीरने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, पण हसला नाही. उरलेली भाकरी त्याने खाल्ली नाही.

रविवारी दुपारी त्याने पट्टी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. "झाली. आठ तास शेकली."

लुबनाने ती उचलली आणि नाकाशी नेली. भट्टीत आठ तास बसलेल्या वस्तूला टोस्टाचा वास यावा, निदान राखेची एक रेघ असावी. हिला ग्रीसचा वास येत होता, आणि कडेला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता, ड्रॉवरच्या तळाशी असतो तसा. तिने नळी उभी धरली, पंच सोडला आणि भिंग लावून पाहिलं.

तिने पुन्हा पाहिलं. मग एक इंच बाजूला दुसरा ठिपका पाडला, आणि तिसरा.

"जाकीर, बस हितं."

तो बसला.

"ही भट्टीत गेलतीच न्हाई."

जाकीरने मान वर केली नाही. खाली कुणीतरी कोयता घ्यायला आलं होतं, मिस्त्री, मिस्त्री, अशा हाका मारत होतं.

"खोटं बोलू नको. गेली असती तर ठिपका खसखशीएवढा उठला असता, ह्या दुसऱ्या पट्टीवर उठला तसा."

"न्हाई गेली," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "ड्रॉवरमधे ठेवलती. गुरुवारपासनं. मला वाटलं, सोमवार एकदाचा निघून जाईल. मग मंगळवारी शेकून आणली असती, कसम से. आपा, ते दार तोडलं ना मी, तवा तू हलत नव्हतीस. मला वाटलं तू गेलीस. मी लई घाबरलतो. अजून घाबरतो."

दाराशी रहेमतबीचा हात लसणावर थांबला होता. आपल्या मुलाने काय केलं ते तिला आत्ता कळत होतं, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

लुबनाला इतका संताप आला की तिला काही क्षण दिसेनासं झालं. सहा वर्षं, असंख्य अर्ज, आणि सगळं एका ग्रीसच्या ड्रॉवरमध्ये! हातातली नळी फेकून मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी समोर मान घालून बसलेला हा धिप्पाड माणूस तिला सात वर्षांचा दिसत होता. अब्बांनी मारलं की तिच्याच मागे येऊन लपणारा. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचा तिला सारखाच त्रास होत होता.

"भिंग घे," ती म्हणाली. "बघ. हा गुरुवारचा ठिपका. हे तीन आत्ताचे."

जाकीरने भिंग डोळ्याला लावलं. मिस्त्रीचाच डोळा तो, त्याला सांगावं लागलं नाही. आत्ताचे ठिपके खसखशीएवढे नव्हते, पण मोहरीएवढेही नव्हते. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे होते.

"लहान झाला," तो पुटपुटला. "पण कसा? मी तर काहीच केलं न्हाई."

"काहीच करायला लागत न्हाई. मी तुला अर्धंच सांगितलतं, तू घाई करावी म्हणून. भट्टीत पुरी पक्की होते, एका दिवसात. पण नुसती पडून राहिली तरी ते कण आतल्या आत एकमेकांना गाठतात, हळूहळू. पाणी दिलंस तवापासनंच सुरू झालतं ते. तू अंधारात कोंडून ठेवलीस, तिथं तिचं काम चालूच होतं."

जाकीरने भिंग खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं कठीण आहे. चोरी पकडली गेल्याची शरम होती, आणि कारागिराला न पाहिलेली गोष्ट दिसल्यावर होतो तो अचंबाही होता.

"पण पुरी पक्की न्हाई ना," त्याने शेवटचा प्रयत्न केला. "तूच म्हणतीस. मग कसं जाणार?"

"ते आत्ता कळंल."

तिने पट्टी जागेवर बसवली. स्क्रू मात्र जाकीरकडूनच आवळून घेतले, कारण त्याच्याइतके घट्ट कुणी आवळत नाही. कॅलिपर भिंतीला टेकवून उभं केलं, खिटी लावली आणि बूट दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"वरच्या पट्ट्यावर हात ठेव. आता पाय उचल."

"आपा, मी पंच्याऐंशी किलोचा माणूस हाय."

"मी बावन्न किलोची हाय. उचल."

जाकीरने हात ठेवले आणि पाय जमिनीवरून उचलले. ज्या पट्टीने वाकावं म्हणून तो चार दिवस दुआ करत होता, तिच्यावर आता त्याचा सगळा भार होता. चामडं कुरकुरलं. भिंतीवरचा चुना थोडा खरवडला. लुबनाची नजर गुडघ्याखालच्या त्या जागेवरून हलली नाही. एक, दोन, तीन म्हणत तिने तिसापर्यंत मोजलं. पट्टी केसभरसुद्धा वाकली नाही.

"उतर," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी साडेसहाला रहेमतबीचा पाट जिन्याच्या तोंडाशी नव्हता. तो भिंतीला उभा करून ठेवलेला होता, आणि ती स्वतः आत डबा बांधत होती. जाकीर सहा पायऱ्या खाली उभा होता, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात पसरून. संपूर्ण जिना त्याने व्यापला होता. पिशवी त्याच्या खांद्याला होती. गाडीत तिच्यासोबत अंबाजोगाईपर्यंत येतो, खोली बघतो, न्हाणीघराची आतली कडी काढून टाकतो आणि संध्याकाळी परत येतो, असं त्याने रात्रीच जाहीर केलं होतं. लुबनाने एवढं मान्य केलं होतं.

पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. तिच्या तळहाताला घाम सुटला होता, कठडा ओला लागत होता. तिने काठी खाली टेकवली आणि उजवा पाय पुढे टाकला. टक्.

"बाजूला हो, जाकीर," ती म्हणाली.

"मी हितंच थांबतो ना. पडलीस तर?"

"पडले तर उठीन. बाजूला हो. मला पायऱ्या दिसंनात."

मग त्याने हात खाली घेतले, अंग चोरून कठड्याला पाठ लावली, आणि लुबना त्याच्या शेजारून खाली उतरून गेली.